एकच खोटं

(कुंभारवाड्याच्या वरच्या अंगाला रानातली एक वाडी. दुपार कललेली. अंगणातल्या फणसाखाली, आजारी माणसाला खांद्यावरून न्यायला बांबूला कांबळं बांधून केलेल्या झोळीत केशर मेलेली आहे. निदान मेलेली असायला हवी. तिची भाची रक्षिता स्टँडवर मोबाइल लावून सिनेमा काढते आहे. दरसाल जत्रेला गावचं नाटक होतं, यंदा त्याच्या जागी देवळासमोर पांढऱ्या कापडावर हा सिनेमा लागायचा आहे. पोरगी बेळगावात शिकून आली खरी, पण हट्ट काही तिला तिथं शिकावा लागला नाही. तो बापाकडून आला, आणि बाप, म्हणजे नागू, झोळीचा पुढचा दांडा धरून तिच्यासमोरच उभा आहे. कान्हू, गुरुदास आणि बाकीचे झोळीवाले चहाला गेलेत.)

रक्षिता : मावशी, परत उठलीस!

केशर : उठणार न्हाई तर काय? झालं न्हवं माजं मरून?

रक्षिता : मेलेल्या माणसानं उठायचं नसतं. आणि वर हात जोडलेस. मोबाइलकडं बघून!

केशर : मोबाइलला कशाला जोडू? देवळाकडं जोडले. तुजा मोबाइल मधे आला, त्याला मी काय करू?

रक्षिता : सकाळपासनं हेच चाललंय. मरतेस चांगली, आणि मग नमस्कार करतेस.

केशर : हे बघ, नाटकात मेलेला माणूस पडदा पडायच्या आत उठून देवाला हात जोडतो. आपल्या गावची रीतच हाय ती. न्हाई उठला तर ते मरण अंगाला चिकटतं. तुजा आजा राक्षस व्हायचा. पोटात भाला खुपसून घेऊन धाडकन पडायचा, बायका किंचाळायच्या, आणि ह्यो उठून देवाला हात जोडून मगच आत जायचा विडी ओढायला. मेलेला तसाच पडलाय आणि वरनं पडदा टाकलाय, असं मी तरी जन्मात बघितलं न्हाई.

रक्षिता : ते नाटक, मावशी. हा सिनेमा.

केशर : देव तोच की गं.

नागू : बरोबर बोलाली ती.

रक्षिता : बा, तू दांडा धर. तुला डायलॉग दिलेला नाही.

नागू : म्हणून तर बोलालोय.

रक्षिता : मावशी, पड. डोळे मीट. श्वास हळू घे, पोट हलतंय तुझं.

केशर : हलंल न्हाई तर काय, रिकामं हाय ते. आणि मी किती येळ मरून पडू? ती तुजी उडणारी कुठं ऱ्हायली?

रक्षिता : रेश्मा? ती अजून गुंद गावातच आहे. बस चुकली तिची.

केशर : काय चुकली?

रक्षिता : बस.

केशर : भावजी, ऐकलासा काय? आभाळातनं उडत येणारी बाई बस चुकली म्हणून गुंदला बसलीया!

रक्षिता : हसू नको. अनिकेत गेलाय तिला आणायला मोटारसायकलवर.

केशर : त्यो रामनगरचा? लग्नाचं शूटिंग करतो त्यो? मग झालं. वाटेत कुठं वरात दिसली की त्यो तिकडंच जाणार.

नागू : येऊ दे सावकाश. आमी कुठं उडून चाललोय.

रक्षिता : करा चेष्टा. पण सांगू? बस चुकलेली पण मी सिनेमात घेणार आहे.

केशर : उडणाऱ्या बाईची बस?

रक्षिता : हो. रोज कोण उडतंय? बाजाराला जायचं असलं तर बसच धरते ती. उडलं की अंग दुखतं तिचं, दुसऱ्या दिवशी रोपं लावायला वाकता येत नाही. तुम्ही मोबाइलवर बघता की नाही ते मोठे सिनेमे? एक बुक्की मारली की इमारत खाली, आणि मारणाऱ्याचा केस हलत नाही. घाम नाही, तहान नाही, कपड्याची इस्त्री मोडत नाही. मला बघताना राग येतो. त्यांना वाटतं, एकदा उडायची सूट मिळाली की बाकीचं सगळं फुकट. माझं तसं नाही. माझा नियम सरळ आहे. खोटं एकच. ती उडते. का उडते, कशानं उडते, विचारायचं नाही. पण त्याच्यापुढं सगळं खरं पाहिजे, अगदी खरं. तरच ते एक खोटं माणसाच्या गळ्याखाली उतरतं.

केशर : सगळं म्हंजे काय काय?

रक्षिता : पावसात उडाली तर भिजते. झाडीत उतरली तर लुगडं काट्यात अडकतं. पायाला जळवा लागतात. वारा उलटा असला की दमते. आणि अणशीच्या रानावरनं येताना जंगलखात्याच्या गेटापाशी खाली उतरून विचारावं लागतं.

केशर : उडणाऱ्या बाईला गेट?

रक्षिता : का? रान काय वरनं उघडं आहे? गेटवरचा माणूस विचारतो, गाडी कुठं लावली? ती म्हणते, गाडी नाही, उडत आले. तो म्हणतो, उडणाऱ्यांचं मला काही सांगितलेलं नाही, वर विचारून बघतो, थांबा. गुरुदासकाकानं केलंय ते काम. काय झकास केलंय!

केशर : करंल न्हाई तर काय. गुरुदासाचा जन्म गेला कुठल्या ना कुठल्या हापिसाच्या दारात थांबण्यात. आता दुसऱ्याला थांबवायला मिळालं, सोडतोय होय?

रक्षिता : तेच तर. ते खरं आहे म्हणून मजा येते.

नागू : आणि मग?

रक्षिता : मग काय?

नागू : गेटावरनं सुटती कवा ती?

रक्षिता : सुटते. येते. पण उशीर होतो.

नागू : उशीर व्हतो म्हंजे?

रक्षिता : म्हणजे तोवर झोळी खालच्या डांबरी रस्त्याला पोचलेली असते. ती खाली उतरते, झोळीपाशी येते, कांबळं बाजूला करते, आणि बाई गेलेली असते. तिथंच संपतो सिनेमा. अंधार.

केशर : हात जोडायचे न्हाईत?

रक्षिता : नाही.

नागू : वाचत न्हाई ती?

रक्षिता : नाही, बा.

नागू : उडून येऊन बी?

रक्षिता : उडून येऊन बी.

नागू : मला वाटलेलं, आता मरती आणि मग ती येऊन उठवती. म्हणून दांडा धरला मी. न्हाईतर धरला नसता.

रक्षिता : तुला गोष्ट सांगितली होती मी.

नागू : एक बाई उडून येती, एवढंच सांगितलंस. उडून येती म्हणल्यावर पुढचं कोण विचारतंय?

रक्षिता : बरं, आता कळलं ना? उचल दांडा. ऊन चाललंय माझं.

नागू : न्हाई.

रक्षिता : नाही म्हणजे?

नागू : न्हाई म्हंजे न्हाई. दुसरा कोण बघायचा त्यो बघ. पण मिळायचा न्हाई तुला. मी सोडला तर कान्हूबी सोडणार, गुरुदासबी सोडणार. तुज्या आयला त्यांनी बी उचललेली हाय ह्याच वाटंनं.

रक्षिता : जत्रा तोंडावर आलीय, बा. नाटकाची तालीम कुणी केली नाही. हा सिनेमा नाही झाला तर देवळासमोर नुसतं कापड लागेल.

नागू : लागू दे कापड. कापडाला काय झालंय?

केशर : मी उठू काय? पाठ आखडली माजी.

रक्षिता : नको उठू! बा, ऐक. मी काय खोटं दाखवतेय? आई ह्या झोळीतच गेली ना? रस्ता नव्हता म्हणूनच गेली ना? तेच दाखवतेय. आणि उडणारी बाई कशाला घातली माहीत आहे? अंगात एवढी शक्ती असलेली बाईसुद्धा इथं वेळेवर पोचत नाही, मग साध्या माणसाचं काय, हे लोकांना कळावं म्हणून. उद्या मी तिला वाचवली, तर लोक टाळ्या वाजवतील, शिट्ट्या मारतील, आणि शेंगा खात घरी जातील. रस्ता कोण मागणार मग?

नागू : आणि मारलीस म्हणून रस्ता मिळंल?

रक्षिता : निदान बोचेल तरी.

नागू : कुणाला बोचंल? जत्रंला बसणारं कोण? आपलीच माणसं. ज्यांनी तिला उचललं ती. त्यांना अजून बोचायचं काय ऱ्हायलंय?

रक्षिता : मी बाहेरही दाखवणार आहे. जोयड्याला, कारवारला. साहेब लोकांना बोलावून दाखवणार आहे.

नागू : दाखव. सायब बघतील, डोळं पुसतील, आणि म्हणतील, बघा, हितं माणूस मरतंय. म्हणून सांगतोय, सोडा ह्ये रान आणि खाली येऊन ऱ्हावा. रस्ता न्हाई देणार, पोरी. आमाला हितनं उठवायला कारण पायजे असंल कुणाला, ते माज्याच पोरीनं काढून दिलं, माज्या बायकोला परत एकदा मारून.

केशर : भावजी, जरा दमानं.

रक्षिता : बोलू दे त्याला. मला भीती नाही वाटत. मग काय दाखवू, सांग ना! सगळं छान? झोळीत बसून बाई गाणी म्हणते? खरं दाखवलं तर साहेब त्याचा भलता अर्थ काढतील, म्हणून गप्प बसायचं? असं करतच गप्प बसलोय आपण आजवर. मी नाही बसणार.

नागू : तुला खऱ्याचा एवढा पुळका हाय, तर ती बाई कशाला उडवलीस?

रक्षिता : सांगितलं की, एक खोटं चालतं.

नागू : एक चालतं?

रक्षिता : एक चालतं. एवढं लोक मानून घेतात.

नागू : मग ते एक तू कुठं घातलंस? त्या रेश्माला फणसाला दोर बांधून हालवायला? तुज्या हातात एकच हुतं, आणि ते तू तिकडं उधळलंस? उडणारी बाई चालती तुला, रक्षिता. जगणारी चालत न्हाई?

रक्षिता : तसं नाही ते.

नागू : तसंच हाय. जी बाई कुणी जन्मात बघितली न्हाई ती खरी वाटाय लागती. आणि तुजी आय, ह्या अंगणात फिरणारी, सगळ्या वाडीला ठाऊक असलेली, ती जगली म्हणलं की ते खोटं! का खोटं? साधी तर गोष्ट हाय. पोटात दुखलं, गाडी आली, दवाखान्यात गेली, बरी हून घरला आली. तुज्या बेळगावात रोज व्हतं ते. कुणी उडत येत न्हाई त्यासाठी. तिथं ते खरं, आणि हितं आमाला सिनेमात बी परवानगी न्हाई?

केशर : बोल की गं आता. मगाशी लई नियम सांगालतीस.

रक्षिता : मला बघायचंय ते.

नागू : काय बघायचंय?

रक्षिता : ती कशी गेली ते. तुम्ही सगळ्यांनी बघितलं. तू बघितलंस, मावशीनं बघितलं, कान्हूकाकानं, गुरुदासकाकानं. मी एकटीनं नाही. मी आले तेव्हा सगळं आटपलेलं होतं. अंगण सारवलेलं होतं. आणि त्या दिवसापासनं कुणी एक शब्द सांगितला नाही मला. मी विषय काढला की तू उठून गोठ्यात जातोस. मग मी काय करू? मीच लिहिलं. झोळी वाटेनं येतेय, ती गप्प पडलेली आहे, ओठ सुकलेत, नुसती झाडांकडं बघतेय, आणि...

केशर : गप्प?

रक्षिता : हो.

केशर : आमची अक्का गप्प?

नागू : केशर, ऱ्हाऊ दे.

केशर : न्हाई भावजी, मला न्हाई ऱ्हावत. सकाळपासनं मी गप्प मरालीय, माजं मलाच पटंना. गप्प कवा हुती ती? अगं, झोळीत बसून सगळ्यांना झाडत हुती! कान्हूला म्हणाली, हिसके देऊ नको रं, मी काय भाताचं पोतं हाय? गुरुदासाला म्हणाली, बघ दम लागला का न्हाई, विडी सोड म्हणून किती सांगितलं. तुज्या बाला म्हणाली, ती तुटकी चप्पल काढून टाका, दवाखान्यात माणसं काय म्हणतील. ओढ्यापाशी मी रडाय लागले, तर मला म्हणाली, रडतीस काय, कोंबड्या आत घातल्यास काय ते सांग. पोटात कळ आली की तेवढ्यापुरती दात आवळायची. कळ सरली की परत चालू.

रक्षिता : हे मला का नाही सांगितलंत?

केशर : कसं सांगायचं? तू असं तोंड करून बसायचीस की तुज्यासमोर तिचं नाव घेऊन हसायची भीती वाटायची. आणि ते सांगायचं म्हणलं की मला हसूच येतंय. बघ, आता बी येतंय.

रक्षिता : तू रडतेयस, मावशी.

केशर : दोन्ही येतंय.

रक्षिता : मग डांबरीला पोचल्यावर? तिथं काय झालं?

नागू : बास झालं आता.

रक्षिता : नाही, बा. आज तू गोठ्यात जायचं नाहीस. सांग.

नागू : काय सांगू? झोळी खाली ठेवली. गाडीला निरोप गेलेला, गाडी यायची हुती. तिथं रेंज मिळती. मी म्हणलं, रक्षिताला फोन लावतो. मोबाइल काढला बी. तिनं मनगाट धरलं माजं. म्हणाली, उद्या पेपर हाय तिचा, आज लावू नका. पोरगी घाबरंल आणि रातीचीच निघंल. पेपर हू दे, मग लावा.

रक्षिता : आणि तू ऐकलंस.

नागू : ऐकलं. गाडी आली तवा ती न्हवती. पण तिचं सांगणं हुतं की. सगळ्या वाडीनं पाळलं ते. तुजा पेपर संपायच्या आत एकानं तुला फोन केला न्हाई. चिडायचं तर चीड माज्यावर. आज परत सांगितलं तिनं, तर परत ऐकीन मी.

रक्षिता : पेपर चांगला गेला होता, बा. मी हसत बाहेर आले. मैत्रिणींना म्हटलं, चला, आज मी सगळ्यांना चहा पाजते. आणि दारात कान्हूकाका उभा. मला वाटलं, काहीतरी कामाला आला असेल बेळगावला. मी त्यालाही म्हटलं, चल चहाला.

केशर : बाई गं.

रक्षिता : मला नको होता तो पेपर. मला ती पाहिजे होती. तिनं मलाही झाडायला हवं होतं. सगळ्यांना काही ना काही बोलली, मलाच काही नाही.

नागू : मग घे की तिला. आता हाय तुज्या हातात. आमाला कुणाला जमलं न्हाई, आमच्याजवळ खांदं हुतं आणि बांबू हुता. तुज्याजवळ उडणारी बाई हाय. एक दिवस, देवळासमोर, सगळ्या गावाच्या देखत, जगू दे तिला. मला तिला मेलेली उचलाय लावू नको दुसऱ्यांदा. जिती न्हे म्हण, हितनं बेळगावापतोर न्हेतो. एकटा न्हेतो.

रक्षिता : आणि रस्ता? रस्त्याचं काय करू? मी ते सोडणार नाही, बा. आई जगली म्हणून मी ते सोडणार नाही.

नागू : सोड म्हणलं कुणी?

केशर : मी बोलू? मरून पडलेल्या बाईचं ऐकणार असशीला तर.

रक्षिता : बोल.

केशर : तुजी रेश्मा झोळीतल्या बाईला उचलून दवाखान्यात न्हेती. ठीक. मग परत येताना रिकाम्या हातानं का येती? एका सायबाला उचलून आण.

रक्षिता : साहेबाला?

केशर : व्हय. रस्त्याचा सायब. कागद बघत बसलेला, खुर्चीसकट उचलायचा आणि आणून ठेवायचा ह्या अंगणात. मारायचं न्हाई, शिव्या न्हाईत. गूळ-पाणी द्यायचं. सावलीत बसवायचं. रानातलं कंद उकडून घालायचं खायाला. आणि मग ती जायची उडून आपल्या घरला. तिचं रोपाचं काम खोळंबलंय.

रक्षिता : आणि तो?

केशर : त्यो जाईल की चालत. आमी जातो तसा.

नागू : मी न्हाई त्याला झोळीत घालून न्हेणार. आत्ताच सांगतो.

केशर : कोण म्हणालंय न्हे म्हणून? चालू दे!

रक्षिता : चालू दे. थांब, थांब. चालू दे! बूट हातात घेऊन ओढा उतरू दे. कोट काट्यात अडकू दे. जळवा लागू देत. वाटेत त्याला कुणीतरी विचारू दे, साहेब, बस चुकली काय? आणि गेटापाशी आला की गुरुदासकाका थांबवणार. आत कधी आला? उडत आलो. उडणाऱ्यांचं मला काही सांगितलेलं नाही, थांबा.

केशर : आता कशी बोललीस!

रक्षिता : आणि हे सगळं खरं दाखवायचं. ह्यात मी कणभर सूट देणार नाही. चढ आहे तेवढा चढ, दगड आहेत तेवढे दगड. तो उडत आला ते खोटं असेल, पण परत जाईल तो खराच.

नागू : नकोच देऊस सूट.

केशर : सायब कान्हूला कर. त्याच्याकडं लग्नातला कोट हाय. बटणं लागत न्हाईत आता त्याची, पण सायबाचं पोट दिसलंच पायजे की.

रक्षिता : आणि बा, तो साहेब जाता जाता म्हणाला, सोडा हे रान, तर?

नागू : म्हणंलच त्यो.

रक्षिता : म्हणू दे. मागं वळून म्हणेल, तेव्हा आई दारात उभी असेल. जिती. बोलायला सोडणार आहे ती त्याला?

नागू : त्याला? त्याला चप्पलेवरनं बी बोलंल.

रक्षिता : मावशी, झोळीत बस. निजू नको, उठून बस. आणि झाड सगळ्यांना. मी काही लिहून देत नाही, तुला येईल तसं. ती झाडायची तसं.

केशर : हे आधी सांगितलं असतंस तर पाठ तरी वाचली असती माजी.

रक्षिता : बा, दांडा?

नागू : कान्हूला हाक मार. गुरुदासाला बी. चहा किती पितील! आणि बांबू बदला ह्यो, वाकलाय. जिवंत माणूस न्ह्यायचंय, मजबूत पायजे.

केशर : आणि मी बरी हून येते तवा? ती रेश्मा मला दवाखान्यातनं आणून सोडती, ह्या अंगणात माजं पाय टेकतात. तवा पहिलं काय म्हणू? तेवढं तरी सांग कुणीतरी. तिथं मला माज्या मनचं बोलायचं न्हाई.

रक्षिता : मला नाही सुचत. बा, तू सांग. काय म्हणेल ती?

नागू : ती व्हय... म्हणंल, पेपर झाला असंल पोरीचा. आता लावा फोन. सांगा तिला, मी हाय.

केशर : लई चांगलं हाय, भावजी. पण अंगणात रेंज कुठली आली? हितं फोन लागत न्हाई हे शेंबड्या पोराला ठाऊक हाय. आणि रक्षिता, तूच म्हणालीस, खोटं एकच घ्यायचं.

रक्षिता : लागतो, मावशी. आणि पहिल्याच घंटीला मी उचलते.